भिंतीची पेज

चंदना मगदूमचं नाव जिल्ह्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिचं एक वाक्य शेंबड्या पोरापासून आमदारापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. 'ही नुसती भिंत नाही, घरचं माणूस आहे. हिला वेळेवर पेज पाजा.' एसटीच्या पाठीवर हेच, दवाखान्याच्या दारावर हेच, रेडिओवर दर तासाला हेच. हे वाक्य तिनं एका बैठकीत, समोरचा चहा निवेपर्यंतच्या वेळात लिहिलं होतं. त्या वाक्यानं तिला बढती दिली, राज्याचा पुरस्कार दिला, आणि शेवटी जे दिलं ते सांगण्यासाठीच ही गोष्ट.

त्याचं असं झालं. दोन हजार सत्तेचाळीस सालच्या महापुरात कृष्णाकाठचं चिंचवाळ गाव अर्धंअधिक वाहून गेलं. माळावर नवी वसाहत बांधायचं ठरलं, पण बांधायची कशानं? हवा तापतेय म्हणून सिमेंटवर आणि वीटभट्ट्यांवर सरकारनं कडक बंधनं घातलेली. साध्या माणसाच्या घराला चार पोती सिमेंट मिळवायचं म्हणजे दिव्यच होतं. तेव्हा कोल्हापूरचं जीवबांधणी केंद्र पुढं आलं. त्यांच्याकडं न भाजता, नुसती वाढवलेली वीट होती.

वाढवलेली म्हणजे खरोखरच वाढवलेली. मातीत एक जीवाणू असतो, डोळ्याला न दिसणारा. त्याला पाण्यातून युरिया आणि चुनखडीचा क्षार पाजला, वर किंचित गोड चाटवलं, की तो युरिया फोडतो आणि त्याच्या अंगाभोवती चुन्याचे बारीक स्फटिक धरू लागतात. वाळूच्या दोन कणांमधल्या फटीत असे स्फटिक भरत गेले की कण एकमेकांना घट्ट पकडतात, आणि साच्यातल्या वाळूचा आठवड्याभरात दगड होतो. धूर नाही, आग नाही. घर उभं राहिलं तरी काम थांबत नाही. पहिली तीन वर्षं दर पंधरवड्याला भिंतीवर खुराक शिंपडायचा. आतले जीवाणू वाढत राहतात, बारीक तडे आपसूक भरून काढतात, भिंत दिवसेंदिवस पक्की होते. मग खुराक बंद करायचा. भिंत वाळते, जीवाणूंचं काम संपतं, आणि मागं उरतो चुन्यानं सांधलेला कोरडा दगड. तो पुढं शंभर वर्षं हलत नाही.

केंद्राचे प्रमुख डॉ. निनाद खेर यांनी हे सगळं नव्वद पानांत लिहून ठेवलं होतं. ते लोकांना समजेल असं सांगायचं काम चंदनाचं. ती केंद्राची संवाद अधिकारी. मूळची चिंचवाळचीच, शेतकऱ्याची लेक. जीवशास्त्रातली पदवी घेतलेली, बोलायला तिखट आणि लिहायला गोड. 'पोषकद्रव' हा शब्द तिनं पहिल्याच दिवशी केराच्या टोपलीत टाकला आणि 'पेज' आणली. आजाऱ्याला पेज, बाळंतिणीला पेज, तशी भिंतीला पेज. बायकांना एका दमात कळलं. वसाहतीत एकशेचाळीस घरं उठली तेव्हा तिनं प्रत्येक घरात भिंतीचं बारसं घालायला लावलं. घुगऱ्या वाटल्या, गाणी झाली, कुणाची भिंत गौरी झाली, कुणाची तुळसा. जीवाणू म्हटल्यावर नाकं मुरडणाऱ्या बायका पंधरवड्याची पेज चुकवीनाशा झाल्या. खेरसाहेब खूश, सरकार खूश.

विचारात पडले ते एकटे चंदनाचे वडील, भूपाल मगदूम. त्यांना गाव आप्पा म्हणायचं. आप्पांचं एकेकाळी गुऱ्हाळ होतं आणि त्यांच्या हातचा गूळ पंचक्रोशीत नावाजलेला होता. पण काहिलीतल्या उकळत्या रसात माशा-मुंगळे पडतात, ते बघवत नाही म्हणून त्यांनी पन्नाशीत चुलवाण विझवलं ते कायमचं. जैनांच्या घरात पाणी गाळून पिणं, दिवस मावळायच्या आत जेवणं यात नवल नाही; पण आप्पांचं सगळंच चार पावलं पुढं. पानात मुंगी आली तर ती आपल्या पायानं निघून जाईपर्यंत हात आखडून बसतील. बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली, घरात एकटेच. बारशाच्या दिवशी त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"चंदू, खरंच जीव हाय आत?"

"हाय की आप्पा. एकेका विटेत कोट्यवधी."

"एकेंद्रिय?"

"तुमच्या भाषेत तसंच म्हणायचं."

आप्पा भिंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तर मग मी पेज चार वाजता घालीन. दिवस मावळल्यावर आपल्या घरात कोण जेवत न्हाई."

चंदना पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं हा किस्सा रेडिओवर सांगितला आणि तोही गाजला. आप्पांनी काही तो हसण्यावारी नेला नव्हता, हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

तीन वर्षं बघता बघता गेली. खेरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"चंदना, चिंचवाळची मुदत संपली. सूचना काढ. 'तीन वर्षे पूर्ण झाल्याने पोषण थांबवून जीवाणूंचे निर्जीवीकरण करण्यात येत आहे.'"

"निर्जीवीकरण? सर, तीन वर्षं घरचं माणूस म्हणून घोकून घेतलं लोकांकडून. आता मारा म्हणून सांगू?"

"मग तुझ्या भाषेत सांग. भाषा हे तुझं खातं."

तिनं डोकं चालवलं. सांगायचंच कशाला? पेजेची पाकिटं केंद्रातून जातात. पाकिटं बंद केली की पेज बंद, विषय संपला. तिनं पत्रकात एकच ओळ छापली, 'भिंत आता मोठी झाली, तिची ती उभी राहील.' खेरांच्या नव्वद पानांत एक पान 'पोषण पुढे चालू राहिल्यास' या मथळ्याचं होतं, खाली धोके लिहिलेले. ते पान पत्रकात आलं नाही. जागा होती, पण बारशाचे फोटो छापलेल्या कागदावर ते बरं दिसलं नसतं. खेरांनी पत्रक वाचलं, छान म्हणाले आणि सही केली.

त्यानंतर चंदना दुसऱ्या जिल्ह्यांत अडकली. फोन व्हायचे, पण फोनवर आप्पा जेवलास का आणि तब्येत कशी, यापलीकडं जात नसत. माघ सरता सरता एका रविवारी ती घरी गेली. उंबऱ्यातच तिच्या नाकाला आंबूस वास आला, ताक फार दिवस राहून चढावं तसा. स्वयंपाकघरात बघितलं, काही नव्हतं. मागच्या अंगणात आप्पा धोतर खोचून बसले होते आणि स्वच्छ फडक्यातून काहीतरी तांबूस गाळत होते.

"हे काय हो आप्पा?"

"पेज." त्यांनी मान वर न करता सांगितलं. "पाकिटं बंद केलीसा तुम्ही. म्हटलं, सरकारी काम हाय, येतील मागंपुढं. तवर उपाशी कशी ठेवायची? सुकुमारच्या गुऱ्हाळातनं काकवी आणालोय. पाणी घालून पातळ करायची, चिमूटभर युरिया टाकायचा, आन् रोज चार वाजता घालायची. बघ की, कशी तुकतुकीत दिसालीया."

"किती दिवस झाले?"

"आठ म्हैनं झालं असतील."

"अहो, पत्रकात लिहिलं होतं ना, भिंत मोठी झाली म्हणून?"

"लेकरू मोठं झालं म्हणून कोण जेवाय वाढायचं सोडतंय व्हय? तू अडतीस वर्षांची घोडी झालीस. आलीस की वाढतोच की मी."

कुंपणापलीकडून शेजारच्या अक्काताईंनी डोकं वर काढलं. साठीची, ठणठणीत बाई. आप्पांना मोठ्या भावासारखं मानणारी. "आम्ही बी काकवीच घालालोय, चंदना. आप्पांनी दाखवून दिलं म्हणून झालं. अकरा घरं हाईत अशी. बाकीची मेली कंजूष!"

चंदनानं घरात जाऊन खिळा आणि हातोडी घेतली. आप्पांना ते आवडलं नाही. भिंतीचा वरचा पापुद्रा टणक होता. तो फुटला, आणि पुढं हातोडीची गरजच पडली नाही. खिळा नुसत्या अंगठ्यानं बोटभर आत गेला, रव्याच्या लाडवात जावा तसा. तिनं आतला चुरा डबीत भरला आणि तडक कोल्हापूर गाठलं.

तपासणीला चार दिवस लागले. गुरुवारी सकाळी खेरांनी अहवाल तिच्यापुढं सरकवला. "आंबलीय भिंत. आपल्या जीवाणूला गोड लागतं ते बोटावर मावेल एवढं. इतकी काकवी मिळाल्यावर बाहेरचे आगंतुक आत घुसले. ते साखर आंबवतात, त्याचं आम्ल होतं, आणि आम्ल चुना खातं. वरचा थर वाऱ्यानं वाळत राहतो म्हणून धडधाकट दिसतो. आतून भुसा झालाय."

"वाचेल?"

"आज पेज थांबली आणि तीन महिने खडखडीत वाळली तर वाचेल. सोमवारी टेकू पाठवतो, त्याआधी सामान पोचत नाही. तोवर पाण्याचा थेंब नको. आणि वडिलांना बाहेर काढ."

दुपारी ती चिंचवाळला पोचली तेव्हा आप्पांनी माळ्यावरचे धान्याचे डबे, जुन्या ट्रंका, आईची शिलाई मशीन, सगळं खाली उतरवून मधल्या खोलीत मांडलं होतं. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, एकट्यानं! घामानं न्हाऊन निघालेले.

"तूच फोनवर म्हटलीस नव्हं, आतनं अशक्त झाली असंल? मग तिच्यावर भार कशाला?"

"आप्पा, भार नाही, पेज बंद करायची आहे. आजपासून. एक थेंबही नाही."

आप्पा खाली बसले. त्यांचा आवाज शांत होता. "अहिंसेच्या व्रताचे पाच दोष सांगितलेत, चंदू. लहानपणी तुला पाठ होते. बांधून घालणं. मारणं. अवयव तोडणं. झेपंना एवढा भार घालणं. आणि आपल्या आसऱ्याला असल्याचं अन्नपाणी तोडणं. भार मी उतरवला. अन्नपाणी तोड म्हणू नगस."

"मग निदान माझ्याबरोबर कोल्हापूरला चला."

"ती हितं उपाशी, आन् मी तिकडं तुझ्या घरात भाकरी मोडू?"

चंदनाचं डोकं भराभर चालू लागलं. समोरच्या माणसाच्या मनातलं काही उचलायचं आणि त्यात आपलं सांगणं गुंडाळून द्यायचं. पंधरा वर्षं तिनं हेच केलं होतं. ती म्हणाली, "आप्पा, असं समजा, त्यांचं काम पूर्ण झालं. आता त्यांनी सल्लेखना घेतली. शांतपणे अन्न सोडलं."

आप्पांचा चेहरा असा काही झाला की ती दचकली. बापाला इतकं संतापलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"सल्लेखना आपणहून घ्यायची असती! दुसऱ्याचं ताट ओढून घ्यायचं आन् त्याला सल्लेखना म्हणायचं? लाज वाटंना तुला? हे असलं बी छापणार हाईस काय उद्या?"

ती शरमली. मनापासून शरमली. मग ती हळूच म्हणाली, "सगळं विज्ञान सांगते, ऐका. अन्न तुटलं की ते अंगाभोवती कवच करून घेतात. आत झोपतात. शंभर वर्षांनीसुद्धा पाणी मिळालं तर उठतील. मी बनवून सांगत नाही, खरंच आहे हे."

आप्पांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला तिला दिसला. "झोपतात?"

"झोपतात."

"सगळे?"

चंदना अडखळली. आप्पांनी ते बरोबर हेरलं.

"तुझ्या आईच्या दुखण्यात तू अशीच गोड बोलत हुतीस," ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाला इचारलं की 'बरं हुतंय'. रोज बरं हुतंय. आन् एक दिवस मी दूध आणाय गेलो तवर ती गेली. तिच्या कानात णमोकार मंत्र म्हणायचा राहिला माझा. तुला मी तवा काय बोललो न्हाई, आज बी बोलत न्हाई. पर आता सरळ सांग. सगळे झोपतात?"

'सगळे' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तीन अक्षरं. आयुष्यभर असे शब्द तिनं उधळले होते. पण आईच्या दिवसकार्यात एका कोपऱ्यात बसून तिनं स्वतःला बजावलं होतं, की जगाला काहीही सांगेन, आप्पांना यापुढं गोड करून सांगणार नाही. आणि आज ते डोळ्याला डोळा भिडवून विचारत होते.

"नाही," ती म्हणाली. "शंभरातले दोन झोपतात. फार तर तीन. बाकीचे मरतात."

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलीस. खरं बोललीस."

"मग पेज थांबवाल ना? आप्पा, भिंत अंगावर येईल हो!"

"इचार करतो मी."

शुक्रवारी सातारा जिल्ह्यात नव्या वसाहतीचं उद्घाटन होतं, मंत्री येणार होते आणि भाषण चंदनाचं होतं. तिनं काकवीचा डबा उचलून गाडीत टाकला, आप्पांची खाट पुढच्या दाराशी ओढली, भिंतीजवळ जायचं नाही अशी दहादा विनवणी केली, अक्काताईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती गेली. थांबायला हवं होतं, हे तिला गाडी हमरस्त्याला लागायच्या आतच कळलं होतं. तरी ती गेली. शुक्रवारी तिनं साताऱ्यात भाषण केलं आणि शेवटी नेहमीचं वाक्य म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी साडेचारला अक्काताईंचा फोन आला. त्यांना बोलता येत नव्हतं. नुसतं "आप्पा, आप्पा" चाललं होतं.

आप्पा सकाळीच सुकुमारच्या गुऱ्हाळावर जाऊन नवी काकवी घेऊन आले होते. चार वाजता त्यांनी पेज गाळली, तांब्या भरला आणि मधल्या खोलीत गेले. अक्काताईंना फक्त धप्प असा आवाज आला, जड पोतं टाकावं तसा. माणसांनी हातांनी ढीग उपसला. उपसायला काही त्रास पडला नाही. विटा हातात घेतल्या की त्यांची वाळू होत होती. आप्पांना बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते. तांब्या मुठीतच होता.

चंदना पोचली तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. ती त्यांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या कानाशी वाकून तिनं णमोकार म्हटला. उशीर झाला होता, तरी म्हटला. मग तिचा बांध फुटला. "असं कसं हो केलंत आप्पा! मी तुम्हाला खरं सांगितलं होतं ना! खरं सांगितलं होतं!" ती हेच म्हणत राहिली. बायकांना वाटलं, पोरीनं धोका सांगितला होता आणि म्हातारबानं ऐकलं नाही. त्यांनी तिला जवळ घेऊन समजावलं.

पाचव्या दिवशी खेर भेटायला आले. माणूस वाईट नव्हता; त्यांचेही डोळे सुजलेले होते. बराच वेळ बसून त्यांनी खिशातून कागद काढला. "निवेदन द्यावं लागणार आहे. बघून घे."

'रहिवाशाने केंद्राची सूचना न पाळता अनधिकृत पोषण चालू ठेवल्यामुळे सदर दुर्घटना घडली.'

"सर, कुठली सूचना?" चंदनानं विचारलं. "ते पान आपण छापलंच नाही."

"तू छापलं नाहीस," खेर हळू आवाजात म्हणाले. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. "मी सही केली, मला माहीत आहे. जे काय माझ्या माथी यायचं ते येऊ दे. पण ते नंतर. आत्ता एक निकड आहे."

त्यांनी सांगितलं ते असं. काकवी घालणाऱ्या बाकीच्या दहा घरांची तपासणी झाली होती. तीन घरांची गत आप्पांच्या घरासारखीच होती, आणि त्यात एक अक्काताईंचं. लोकांना बाहेर मांडवात आणून ठेवलं होतं, पण चार वाजले की कुणी ना कुणी मागच्या दारानं आत शिरून भिंतीला पेज घालून येत होतं. अक्काताई तर उघड म्हणत होत्या, की आप्पांनी जीव दिला पण अन्नपाणी तोडलं नाही, आणि आम्ही काय त्यांच्या चितेचा धूर विरायच्या आत तोडू? अक्काताईंच्या सुनेला आठवा महिना होता. तीसुद्धा तांब्या घेऊन आत गेली होती.

"पोलिस किती दिवस उभे करू?" खेर म्हणाले. "तू बोल. तुझंच ऐकतील."

चंदनानं रात्रभर खपून ते राहिलेलं पान साध्या मराठीत उतरवलं. पोषण पुढं चालू राहिल्यास काय होतं, जीवाणू किती मरतात, किती झोपतात, आणि ही गोष्ट आधी का सांगितली नाही, कुणी सांगितली नाही. खाली स्वतःचं नाव घातलं. इतकं कोरडं आणि इतकं खरं तिनं आजवर काही लिहिलं नव्हतं. कागद घडी करून तिनं पर्समध्ये ठेवला.

सकाळी नऊला बस्तीसमोरच्या, म्हणजे जैन मंदिरापुढच्या मांडवात सगळी वसाहत जमली. पुढं अक्काताई बसल्या होत्या, त्यांच्या बाजूला पोटावर हात ठेवून सून. चंदना उभी राहिली, पर्स उघडली, कागद बाहेर काढला.

"वाचायचं नंतर वाच, बाई," अक्काताई म्हणाल्या. "आधी एकच सांग आम्हाला. पेज बंद केली तर ते मरतात काय?"

चंदनानं समोर बघितलं. चारपाचशे माणसं, आणि प्रत्येक तोंडावर आप्पांचा तोच विचारणारा भाव. कुणी भोळं नव्हतं, कुणी अडाणी नव्हतं. त्यांनी तिचं ऐकलं होतं, इतकंच. तिनं सुनेच्या पोटाकडं बघितलं. हातातल्या कागदावर दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, शंभरातले दोन.

"नाही," ती म्हणाली. "झोपतात."

"सगळे?"

"सगळे. एकूण एक. अंगाभोवती कवच करतात आणि आत गाढ झोपतात. इतकी वर्षं तुमच्यासाठी राबले, आता त्यांना निजू द्या. तुम्ही पेज घालता म्हणजे त्यांची झोप मोडता."

तिचा आवाज जराही हलला नाही. शब्द आपोआप येत होते, नेहमीसारखे गोड, नेहमीसारखे बरोबर जागी. मांडवातून एक मोठा सुस्कारा गेला. कुणीतरी डोळे पुसले. कुणी म्हणालं, "असं व्हय!" सुनेनं कडेला ठेवलेला तांब्या उचलून पालथा घातला आणि ती हसली. त्या दिवशी चार वाजता एकाही घरात पेज पडली नाही. पुढंही पडली नाही. तीन घरं टेकूवर वाळली, उभी राहिली आणि अजून उभी आहेत. सुनेला मुलगी झाली, सुखरूप.

माणसं पांगू लागली तेव्हा खेर जवळ येऊन म्हणाले, "झोप मोडता. फार सुंदर. हेच छापू या, सगळ्या वसाहतींसाठी." चंदनानं मान डोलावली. कागदाची घडी करून तिनं तो परत पर्समध्ये ठेवला.

अक्काताई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. चंदनाच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून त्यांनी कानशिलांवर बोटं मोडली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढंच आप्पांना सांगायचं हुतंस गं," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकलं असतं त्यांनी. का न्हाई सांगितलीस?"

"राहिलं, अक्काताई," चंदना म्हणाली.